यकृताच्या पेशी आणि सिरम : सोलापुरात पहिला प्रयोग लावणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला सेल कल्चर (शरीराबाहेर, बशीत पेशी वाढवणं) घेणारी मुलं-मुली विषय सांगतात, ‘सिरमचा यकृताच्या पेशींवर होणारा परिणाम’, आणि लगेच विचारतात, ‘म्हणजे सिरम वाढवत नेलं की पेशी वाढत जातात, एवढंच दाखवायचं ना?’ नाही. एवढंच दाखवायचं असेल तर हा विषय घेऊच नका, कारण तसा आलेख कुठल्याही पेशींवर काढता येतो आणि त्यातून यकृताबद्दल काहीच कळत नाही.

सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, हे पेशींचं जेवण नव्हे. ग्लुकोज, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, क्षार हे सगळं मीडियामध्ये, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात, आधीच असतं. सिरममधून पेशीकडे जातात ते मुख्यतः हुकूम: विभाजन कर, थांब, चिकटून बस. परस्परविरोधी हुकूम एकाच बाटलीत असतात. त्यातला कुठला मानायचा हे पेशी निरोगी आहे की कर्करोगाची, मोकळी आहे की दाटीत, यावर ठरतं. तुमचा प्रयोग हे हुकूम एकमेकांपासून सोडवण्यासाठी आहे. पुढची सगळी मांडणी त्या हिशेबाने केली आहे.

रक्तात काहीतरी आहे, हे कळलं कसं

हा भाग वाचून सोडून देऊ नका. व्हायव्हाला पहिला प्रश्न इथूनच येतो.

१९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, यकृताचा दोन तृतीयांश भाग काढून टाकण्याची पद्धत बसवली. उरलेला भाग वाढून साधारण आठवडा-दहा दिवसांत यकृत मूळ वजनावर येतं आणि तिथे थांबतं. शस्त्रक्रियेनंतर २४ तासांच्या आसपास यकृतपेशींमधलं डीएनए बनणं शिगेला पोचतं. एरवी वर्षभरात क्वचितच विभागणाऱ्या पेशी एका दिवसात कामाला लागतात, याचा अर्थ त्यांना कुणीतरी निरोप दिला.

तो निरोप रक्तातून येतो का, हे पाहण्यासाठी दोन रॅट एकमेकांना जोडून रक्ताची देवाणघेवाण घडवली गेली. नॅन्सी बुशर आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. पुढे १९६७ मध्ये मूल्टेन आणि बुशर यांनी दोघांच्या रक्तवाहिन्या थेट जोडून तोच प्रयोग जास्त नेटका केला. एकाचं यकृत कापलं की ज्याच्या यकृताला हातही लावलेला नाही अशा दुसऱ्याच्या पेशींत डीएनए बनू लागायचं. निरोप रक्तात होता, पण तो नेमका कोणता रेणू आहे हे ठरायला आणखी सतरा वर्षं गेली. १९८४ मध्ये जपानमध्ये नाकामुरा यांच्या गटाने यकृत कापलेल्या रॅटच्या सिरममधून, बशीत वाढवलेल्या प्रौढ यकृतपेशींना विभागायला लावणारा घटक अंशतः वेगळा काढला. त्याच सुमाराला अमेरिकेत मिखालोपोलस यांचा गट त्याच घटकाकडे पोचत होता. तोच आजचा एचजीएफ, हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर. १९८८ मध्ये तो यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णांच्या प्लाझ्मातून शुद्ध झाला आणि १९८९ मध्ये त्याचा जनुक हाती आला.

एक गोष्ट पाहा: या सगळ्या कामात कसोटी होती ती बशीतल्या यकृतपेशींची. तुम्ही जी बशी उघडणार आहात, तीच.

प्लाझ्मा आणि सिरम यांतला फरक इथे जिवाचा आहे

प्लाझ्मा म्हणजे न गोठलेल्या रक्ताचा पातळ भाग; रक्त गोठलं की गुठळी बाजूला काढून उरतं ते सिरम. गोठताना दोन मोठ्या गोष्टी घडतात. प्लेटलेट्स (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) फुटून आपला साठा ओततात. त्यात पेशी वाढवणारा पीडीजीएफ असतो आणि यकृतपेशींचं विभाजन रोखणारा टीजीएफ-बीटाही असतो. दुसरं म्हणजे थ्रॉम्बिन, रक्त गोठवणारं एन्झाइम, तयार होतं. एचजीएफ रक्तात आधी एकसंध, निष्क्रिय साखळीच्या रूपात असतो. त्याला योग्य जागी कापून कामाला लावणारं एक एन्झाइम सिरममध्ये सापडतं आणि ते एन्झाइम थ्रॉम्बिनमुळे जागं होतं. म्हणजे जखम झाली, रक्त गोठलं, की वाढीचा हुकूम आणि त्याला आवर घालणारा हुकूम दोन्ही एकाच घटनेतून निघतात. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

यावरून तुलनेचा प्रयोग आपोआप सुचतो: एकीकडे नेहमीचं सिरम, दुसरीकडे प्लेटलेट्स नसलेलं. पण थेट प्लाझ्मा मीडियात ओतू नका. सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेला प्लाझ्मा कॅल्शियम असलेल्या मीडियात पडला की तासाभरात वेलमध्येच (प्लेटमधल्या पेशी वाढवायच्या खळग्यातच) गोठतो आणि पेशी जेलीत अडकतात. गोठणं रोखणारं दुसरं द्रव्य, हेपॅरिन, वापरायचं म्हटलं तर हेपॅरिन एचजीएफलाच धरून ठेवतं. यावर जुना, खात्रीचा उपाय आहे. सायट्रेटमध्ये घेतलेलं रक्त प्लास्टिकच्या नळ्यांत थंड ठेवून दोनदा सेंट्रिफ्यूज करून प्लेटलेट्स खाली बसवायच्या, वरचा प्लाझ्मा हलक्या हाताने काढून घ्यायचा, मग त्यात कॅल्शियम क्लोराइड घालून ३७ अंशांवर तो मुद्दाम गोठवायचा, गुठळी काढायची आणि उरलेलं द्रावण सलाइनमध्ये डायलिसिस करून घ्यायचं. काचेच्या नळ्या टाळा, काचेला लागून प्लेटलेट्स फुटायला लागतात. हे ‘प्लाझ्मापासून काढलेलं सिरम’ आणि नेहमीचं सिरम यांत आता फरक उरतो तो प्लेटलेट्सच्या साठ्याचाच. १९७४ मध्ये रॉस यांच्या गटाने अशाच तुलनेतून प्लेटलेट्समधल्या वाढघटकाचा माग काढला होता.

माणसाचं रक्त घेणार असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी. मित्राच्या हातातून ‘पाचच मिली’ काढायचं असलं तरी आधीच. रॅट वापरणार असाल तर प्राणी नैतिकता समिती वेगळी आणि तिला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज प्रोजेक्टचा पहिला कागद समजा.

पायरी पहिली : पेशी निवडा

नवख्यांसाठी हेप-जी२. ही अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या मुलाच्या यकृताच्या गाठीपासून बनलेली लाइन (बशीत सतत वाढत राहणाऱ्या पेशींचा वंश) आहे. १९७९ पासून ती जगभर वापरात आहे आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या रिपॉझिटरीतून मिळते. सोलापूरकरांना यात एक सोय आहे: हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री परत येता येतं. वाढत्या पेशींचा फ्लास्क मिळाला तर तो मीडियाने काठोकाठ भरून, झाकण घट्ट करून, थर्माकोलच्या डब्यात आणा. अर्धवट भरलेल्या फ्लास्कमध्ये गाडीच्या हिसक्यांनी पेशी सुटतात. त्याला बर्फ लावायचा नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र डबा ऊन लागणाऱ्या खिडकीपाशी ठेवू नका. आणल्यावर रात्रभर इन्क्युबेटरमध्ये स्वस्थ राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी जादा मीडिया काढा. पेशी गोठवलेल्या आणल्या तर त्या ड्राय आइसमध्येच हव्यात.

हेप-जी२ निवडताना एक गोष्ट मनात पक्की करा. ही कर्करोगाची पेशी आहे. तिच्या एका रास जनुकात, म्हणजे वाढीचा हुकूम पेशीच्या आत पोचवणाऱ्या जनुकात, कायमचं ‘चालू’ ठेवणारं उत्परिवर्तन आहे, त्यामुळे सिरम काढून घेतलं तरी ती पूर्ण थांबत नाही. त्याहून विलक्षण म्हणजे, निरोगी यकृतपेशींना जोमाने वाढवणारा एचजीएफ हेप-जी२ची वाढ रोखतो. दरवर्षी कुणीतरी हा निकाल पाहून ‘प्रयोग फसला’ म्हणून प्लेट टाकून देतं. तो फसलेला नसतो. हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अनेकांनी दाखवलं आहे आणि तुमच्या प्रबंधातलं ते सर्वांत चांगलं पान ठरू शकतं.

हूह-७ ही जपानी लाइन सेलेनियम घातलेल्या, सिरम नसलेल्या मीडियात वाढू शकते. सिरमशिवायची तुलना करायची असेल तर ती उपयोगी पडते. ताज्या, प्राथमिक यकृतपेशी हे खरं सोनं, पण त्यासाठी यकृतात कॅल्शियमरहित द्रावण आणि मग कोलाजिनेज (पेशींना बांधून ठेवणारं प्रथिन तोडणारं एन्झाइम) सोडण्याची दोन टप्प्यांची पद्धत लागते, आणि तो हात शिकवणारं माणूस शेजारी लागतं. पहिल्या प्रोजेक्टला नको.

पायरी दुसरी : सिरमची बाटली

वासराच्या गर्भापासून काढलेलं सिरम, एफबीएस, सर्वांत जास्त चालतं, कारण त्यात वाढघटक भरपूर आणि अँटिबॉडी कमी. पण ते नैसर्गिक द्रव्य आहे, प्रत्येक लॉट (एका वेळी बनवलेला साठा) वेगळा. ज्या प्रयोगात सिरम हाच विषय आहे, त्यात मध्येच लॉट बदलणं म्हणजे विषयच बदलणं. शेवटपर्यंत पुरेल एवढं एकाच लॉटचं सिरम सुरुवातीलाच घ्या, लॉट नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

बाटली उणे २० मधून काढून रात्रभर फ्रिजमध्ये, ४ अंशांवर वितळू द्या, मग हळुवार फिरवून मिसळा. गरम पाण्यात घाईने वितळवलं तर धागे-गाळ जास्त दिसतो. ४०-५० मिलीच्या नळ्यांत वाटून पुन्हा गोठवा आणि त्यानंतर प्रत्येक नळी एकदाच वितळवायची.

५६ अंशांवर ३० मिनिटं गरम करायचं की नाही यावर वाद घालत बसू नका. ते कॉम्प्लिमेंट (पेशींना मारू शकणारी रक्तातली प्रथिनं) निष्क्रिय करण्यासाठी असतं. हेप-जी२च्या साध्या वाढीसाठी त्याची गरज नाही आणि उष्णतेने काही वाढघटक कमी होऊ शकतात. मी म्हणेन, गरम करू नका. केलंच तर सगळं करा.

पायरी तिसरी : खोली

पुस्तकात हे प्रकरण नसतं, कारण पुस्तकं थंड देशांत लिहिली जातात. सीओ२ इन्क्युबेटर फक्त तापवतो, त्याला थंड करता येत नाही. ३७ अंश टिकवायला बाहेरची खोली त्याहून निदान पाचेक अंश थंड हवी. सोलापूरच्या मेमध्ये पारा ४० च्या पुढे असतो. शनिवारी दुपारी एसी बंद करून सगळे घरी गेले, की सोमवारी पेशी ३९-४० अंशांत भाजून निघालेल्या. डिस्प्लेवर भरवसा न ठेवता आत पाण्याच्या छोट्या बाटलीत थर्मामीटर ठेवा. उन्हाळ्यात प्रयोग लावायचा असेल तर सुट्टीतही एसी चालू ठेवण्याची परवानगी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या.

दुसरं संकट कोरड्या हवेचं. इन्क्युबेटरचं दार वारंवार उघडलं की आतला ओलावा जातो, कडेच्या वेल्समधलं पाणी उडतं, मीडिया घट्ट होतो आणि कडेच्या पेशी कमी वाढतात. मग तुम्हाला वाटतं, सिरमचा परिणाम दिसला. ट्रेमध्ये निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी ठेवा, दर आठवड्याला बदला. बोअरचं पाणी कशालाच नको, मीडिया बनवायला तर मुळीच नको.

मानवी पेशी समोरून वारा फेकणाऱ्या साध्या लॅमिनारमध्ये हाताळायच्या नाहीत. तो वारा पेशींचं रक्षण करतो, तुमचं नाही. क्लास-२ बायोसेफ्टी कॅबिनेट हवं.

पूर्ण प्रयोग आठवडाभर सलग चालतो. संक्रांतीच्या आधी लावला तर सिद्धेश्वरांच्या यात्रेत, गड्ड्याच्या गर्दीतून रोज लॅबला यावं लागेल. तारखा बघून लावा.

पायरी चौथी : चिकटणं वेगळं, वाढणं वेगळं

सगळा प्रयोग इथे तरतो किंवा बुडतो, म्हणून सावकाश वाचा.

सिरममध्ये फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन असतात. ते प्लास्टिकवर बसून पेशींना धरायला जागा देतात. पेशी सुरुवातीपासूनच ०, ५, १० टक्के सिरममध्ये पेरल्या तर शून्य टक्क्यात मुळात कमी पेशी चिकटतील. चौथ्या दिवशी तिथे कमी संख्या दिसेल आणि तुम्ही लिहाल ‘वाढ कमी झाली’. वाढ कमी झालीच नव्हती, सुरुवातच कमी झाली होती.

म्हणून सगळ्या पेशी आधी सारख्याच १० टक्के सिरममध्ये पेरा. हेप-जी२ चिकटून गठ्ठे करून वाढतात. ट्रिप्सिन-ईडीटीएने (पेशी तळापासून सुट्या करणाऱ्या एन्झाइमच्या द्रावणाने) सोडवल्यावर १ मिलीच्या टिपने, टोक फ्लास्कच्या तळाजवळ धरून, फेस न करता आठ-दहा वेळा वर-खाली करा. मग एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघा. दोन-तीनच्या वरचे गठ्ठे दिसत असतील तर पुन्हा करा. ट्रिप्सिन थांबवायला सिरम घातलेला मीडिया लागतो, कारण सिरममधली प्रथिनंच त्याला अडवतात.

२४ वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेलला ४०,००० पेशी. प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवताना गोल फिरवू नका, पेशी मधोमध गोळा होतात. आधी पुढे-मागे, मग डावीकडे-उजवीकडे हलवा. २४ तास चिकटू द्या. मग मीडिया काढून कोमट पीबीएसने (धुण्यासाठीच्या क्षारांच्या द्रावणाने) दोनदा धुवा. धुताना द्रव वेलच्या भिंतीवरून सोडा, थेट पेशींवर नाही. त्यानंतर ०.५ टक्के सिरमच्या मीडियात २४ तास उपाशी ठेवा. यात बऱ्याच पेशी चक्राच्या सुरुवातीच्या टप्प्यात येऊन थांबतात आणि पुढचा हुकूम सगळ्यांना साधारण एकाच वेळी मिळतो. उपास दोन दिवसांच्या वर नेऊ नका.

आता, पुढच्या दोन प्लेटपेक्षा वेगळ्या प्लेटमध्ये अगदी असेच ठेवलेले, तीन वेल मोजा. हा तुमचा शून्य दिवस. हा आकडा नसेल तर पुढचे सगळे आकडे अधांतरी.

पायरी पाचवी : हुकूम वाटून द्या

एका प्लेटमध्ये सिरमचे सहा डोस: ०, १, २.५, ५, १० आणि २० टक्के, प्रत्येकी तीन वेल. झाले अठरा. उरलेल्या सहांपैकी तिनांत सिरमऐवजी बोव्हाइन अल्ब्युमिन. परिणाम नुसत्या प्रथिनाचा आहे का, हे त्यातून कळतं. शेवटच्या तिनांत इन्सुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियमचं तयार मिश्रण. त्यातलं इन्सुलिन शरीरातल्या पातळीच्या कितीतरी पट असतं, मिलीला १० मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि इतक्या मात्रेत ते आयजीएफ-१ या दुसऱ्या वाढघटकाच्या ग्राहकावरही (रिसेप्टरवरही) काम करतं. निष्कर्ष लिहिताना हे विसरू नका.

अशा दोन प्लेट लावा, एक दोन दिवसांनी मोजायला, दुसरी चार दिवसांनी. दुसऱ्या प्लेटमध्ये गटांच्या जागा बदला, म्हणजे कडेचा दोष एकाच गटाच्या माथी बसणार नाही. १० आणि २० टक्क्यांत बहुधा फारसा फरक दिसणार नाही, कधी २० टक्क्यांत वाढ थोडी कमीही दिसेल. तिथेच विचारायचं: थांबवणारे हुकूम जोर धरत आहेत का?

पैसे आणि वेळ असेल तर पुढचा प्रयोग एकेका घटकाचा. सिरम ०.५ टक्क्यावर ठेवून एचजीएफ मिलीला २० नॅनोग्रॅम, ईजीएफ (आणखी एक वाढघटक) १० नॅनोग्रॅम, टीजीएफ-बीटा१ २ नॅनोग्रॅम असे वेगवेगळे घाला, आणि मग एचजीएफ व टीजीएफ-बीटा एकत्र. सिरममधला बराचसा टीजीएफ-बीटा झाकलेल्या, निष्क्रिय रूपात असतो, म्हणून बाटलीतल्या शुद्ध टीजीएफ-बीटाचा परिणाम सिरममध्ये तितकाच दिसेल असं गृहीत धरू नका. घटकांच्या पातळ द्रावणात थोडं अल्ब्युमिन हवंच. नाहीतर नॅनोग्रॅमभर प्रथिन नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतं.

पायरी सहावी : मोजा, म्हणजे खरंच मोजा

एमटीटी ही रंगावरून अंदाज देणारी चाचणी सोपी म्हणून सगळे तिच्याकडे धावतात. ती पेशी मोजत नाही, पेशींची चयापचय-क्रिया मोजते. सिरम ही क्रिया स्वतःच बदलतं. त्यामुळे या विषयात निव्वळ एमटीटीवर निष्कर्ष काढणं मला मान्य नाही. एमटीटी करा, पण सोबत मोजणी हवी. एमटीटी घालण्याआधी सर्व वेल्समध्ये सारखा, सिरम नसलेला मीडिया भरा आणि पेशी नसलेले वेल्सही ठेवा.

मोजणीसाठी वेलमधल्या पेशी ट्रिप्सिनने सोडवा, ०.४ टक्के ट्रिपॅन ब्लू समप्रमाणात मिसळा आणि न्यूबॉअर चेंबरमध्ये (पेशी मोजण्यासाठी चौकोन आखलेल्या काचेत) भरा. कव्हरस्लिपच्या कडेला टिप टेकवली की द्रव आपोआप आत ओढला जातो. कडेच्या खाचेत सांडला तर पुसून पुन्हा भरा. निळ्या पेशी मेलेल्या, चमकत्या कडेच्या जिवंत. चार कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांत समजा ४२, ३८, ४५ आणि ३५ जिवंत पेशी आल्या. बेरीज १६०, सरासरी ४०. डाय मिसळल्यामुळे दुप्पट पातळ, म्हणून ४० गुणिले २ गुणिले १०,००० म्हणजे मिलीला ८ लाख पेशी. रेषेवरच्या पेशींपैकी वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या धरा, खालच्या आणि उजव्या सोडा. हा नियम रोज तोच ठेवा. जमल्यास मोजणाऱ्याला कुठली नळी कुठल्या गटाची हे सांगू नका.

तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. ते एकाच प्रयोगाचे तीन नमुने. वेगवेगळ्या आठवड्यांत, वेगळ्या पॅसेजच्या (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटण्याच्या फेरीच्या) पेशी घेऊन निदान तीनदा करा, आणि सांख्यिकी त्या तीन आकड्यांवर लावा.

सुरू करण्यापूर्वी आणि मध्ये एकदा मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये शिरणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूची) तपासणी करून घ्या. तो साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, मीडिया गढूळ होत नाही, पण मीडियातलं आर्जिनिन खातो आणि वाढीचे आकडे बिघडवतो.

लिहिताना

‘सिरममुळे यकृतपेशींची वाढ होते’ असं वाक्य प्रबंधात नको. लिहा: ‘अमुक लॉटच्या, गरम न केलेल्या एफबीएसने, २४ तास उपाशी ठेवलेल्या, अमुक पॅसेजच्या हेप-जी२ पेशींची संख्या चार दिवसांत शून्य दिवसाच्या तुलनेत इतकी पट झाली.’ निरोगी यकृताबद्दल काही म्हणायचं असेल तर ‘प्राथमिक पेशींवर तपासणं आवश्यक’ हे त्याच परिच्छेदात यायला हवं. आणि एचजीएफने वाढ घटल्याचा आलेख आला असेल तर तो परिशिष्टात टाकू नका, निकालांच्या प्रकरणात पहिला लावा.